मिस्त्रीचाचाची कबर

लेणी पाहून झालेला पाहुणा आमच्या भागात एक प्रश्न हमखास विचारतो, "ती कबर कुठं आहे हो?" कोणाची, ते त्याला सांगावं लागत नाही. त्याला अजिंठा गावाकडं पाठवायचं. तिथं पारूची कबर आहे. साधीच आहे. दगडात इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. माझ्या लाडक्या पारूच्या आठवणीसाठी, ती २३ मे १८५६ रोजी वारली, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत असताना आमच्या मास्तरांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ते आम्हाला वाचून दाखवलं होतं. पुढं दहावीपर्यंत शिकलो, पण इंग्रजीतलं तेवढं एकच वाक्य मला पक्कं आलं.

हा दगड लावणारा रॉबर्ट गिल. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अंमलदार, पण हात चित्रकाराचा. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा गोरा साहेब शिकारीला आला आणि त्याला वाघूर नदीच्या वळणावरची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली. त्याला पंचवीस वर्षं झाल्यावर, १८४४ मध्ये, कंपनीनं गिलला हुकूम केला, की भिंतीवरची चित्रं गळून जायच्या आत त्यांच्या नकला करून विलायतेला पाठव. गिल अजिंठ्याच्या बारादरीत राहिला. वीसेक वर्षं त्यानं हेच काम केलं. अंधारात, वटवाघळांच्या वासात उभं राहून भलीमोठी कापडं रंगवली. पारू त्याला इथंच भेटली. ती लेणापूरची, असं आमच्याकडं सांगतात. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिलं, तेव्हापासून तर साऱ्या महाराष्ट्राला ती माहीत झाली.

गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. विहिरीवरच्या मोटरीचं सामान आणायला गेलो होतो, तेव्हा मी वाकडी वाट करून ती पाहून आलो. पारू घाटावर अजिंठ्यात आणि गिल खाली भुसावळात. मधे सगळा डोंगर आणि निम्मा खानदेश.

या दोन कबरींवर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला तिसऱ्या कबरीबद्दल लिहायचं आहे. तिच्यावर दगड नाही, आणि ती नेमकी कोणती हेही आता कोणाला सांगता येत नाही.

आमचं गाव सोयगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. लेण्यांपासून पायी दीड-दोन तासांवर. गावात सुताराचं घर नव्हतं. निजामाच्या राज्यात कधीतरी एक मुसलमान मिस्त्री येऊन राहिला आणि गावाचं सुतारकाम त्या घराकडं गेलं. त्या घरचे मिस्त्रीचाचा मी पाहिले. मोठी माणसं त्यांना मिस्त्री म्हणायची, आम्ही पोरं चाचा म्हणायचो. त्यांचं खरं नाव काय, हे मला लहानपणी कधी विचारावंसं वाटलं नाही. गावालाही वाटलं नसावं. सुतार म्हणजे सुतार.

चाचांच्या दारात एक कडूनिंब होता. त्याखाली त्यांचा पसारा. वाकस, करवत, रंधा, गुण्या, सामता आणि एका फाटक्या गोणपाटात गुंडाळलेल्या लहानमोठ्या दहा-बारा पटाश्या. पेरणीच्या तोंडावर तिथं पाय ठेवायला जागा नसायची. कोणाच्या तिफणीचं फण बसवायचं, कोणाच्या वखराचं जानोळं मोडलेलं, कोणाच्या गाडीची धाव ढिली झालेली. या कामाचे पैसे नसत. वर्षाच्या सुगीला प्रत्येक घरानं ठरलेली ज्वारी द्यायची. त्याला बलुतं म्हणत. शहरातल्या वाचकाला हे पगारासारखं वाटेल, पण पगाराची तारीख ठरलेली असते. बलुत्याची तारीख पावसाच्या हातात.

१९६९ साली वडलांनी घराला नवी चौकट करायची ठरवली. कपाशी बरी झाली होती. बांधावरचा साग तोडून वर्षभर सावलीत वाळवून ठेवला होता. वडील म्हणाले, "मिस्त्री, नुसती उभी-आडवी लाकडं नको. जरा नक्षी काढा. लोकांनी थांबून पाह्यलं पाहिजे."

चाचा म्हणाले, "नक्षीचं बलुतं नसतंय, पाटील."

आम्ही काही पाटील नव्हतो. पण पैशाची गोष्ट काढायची असली की चाचा समोरच्याला पाटील म्हणायचे. मग ठरलं. चाळीस रुपये रोख आणि दोन पोती ज्वारी. चाळीस रुपये आणि एक पोतं लगेच, दुसरं पोतं पुढच्या सुगीला.

लाकूड आखायच्या आधी चाचा एक दिवस गाडी जुंपून फर्दापूरला निघाले. खिळे, कडी-कोयंडा आणायचा होता. मी दहा वर्षांचा. हट्ट करून गाडीत बसलो. सामान घेऊन झाल्यावर त्यांनी गाडी सोडली, बैलांना कडबा टाकला आणि मला म्हणाले, "चल, माझे उस्ताद दाखवतो तुला."

आम्ही लेण्यांकडं गेलो. तेव्हा आतमधे उजेड पाडायला बाहेर ऊन्हात आरसा धरायचे. आरशातलं ऊन आत फेकायचं, मग भिंत उजळायची. पाहुणे भिंतीवरचे राजे-राण्या, हत्ती, बोधिसत्त्व पाहत होते. चाचा सरळ जमिनीवर उताणे झोपले. माणसं त्यांना ओलांडून जात होती. ते छत पाहत होते. पहिल्या-दुसऱ्या लेण्यांची छतं ज्यांनी पाहिली असतील त्यांना कळेल. वर चौकोन आखलेले, त्यांत कमळं, कमळांचे देठ, वेली, फळं, हंस. एका कमळासारखं दुसरं नाही. चाचा पडल्या पडल्या हवेत बोट फिरवत होते. मला लाज वाटली. मी म्हटलं, "चाचा, उठा ना." ते म्हणाले, "गप. हात शिकतोय."

मग ते मला दहाव्या लेण्यात घेऊन गेले. हे लेणं फार जुनं, इसवीसनाच्या आधीचं. वर कमान आहे. त्या कमानीत खाचा दाखवून ते म्हणाले, "हितं लाकडाच्या फासळ्या होत्या. दगडात हे घर कोरलं, त्याच्या आधी असलंच घर कोण्या सुतारानं लाकडात बांधलेलं होतं. त्याचं पाहून पाथरवटानं केलं. दगडाला फासळीची काय गरज? ते पडतंय का?"

तेव्हा मला वाटलं, चाचा आपल्या धंद्याची बढाई मारतात. पुढं पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून वाचलं, ते अक्षरश: खरं होतं. दहाव्या लेण्यात लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या, खाचा राहिल्या. भाजे आणि कार्ल्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. आणि नंतरच्या काळातलं अजिंठ्याचं एकोणीसावं, सव्विसावं लेणं पाहा. तिथं फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. लाकडाचं काम उरलं नाही, पण लाकडाचं रूप सोडवलं नाही. पाचवी नापास झालेल्या माणसानं हे नुसत्या खाचा पाहून सांगितलं होतं.

कार्ल्याचं आणखी एक ऐका. तिथल्या चैत्याच्या दाराजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. धेनुकाकट गावचा वढकी, वेणुवासाचा मुलगा सामी, यानं हे दार केलं. वढकी म्हणजे सुतार. बाकी सगळीकडं दान देणाऱ्यांची नावं. खांब दिला, मूर्ती दिली, टाकं दिलं. त्या गर्दीत हा एक सुतार आपलं आणि बापाचं नाव सांगतो. अजिंठ्याच्या चितारी लोकांची नावं तर आपल्याला ठाऊकच नाहीत. म्हणून हा सामी मला फार जवळचा वाटतो.

चौकटीला चाचांना दोन महिने लागले. वरच्या पट्टीवर मधोमध गणपती. तो कसा काढायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी कोणाला विचारलं नाही. गणपतीच्या दोन्ही अंगांना कमळाची वेल, ती दोन्ही खांबांवरून खाली उतरत उंबऱ्यापर्यंत आलेली. एका बाजूला कळी, मग अर्धं उमललेलं, मग पूर्ण, मग पाकळी गळालेलं. खाली, जिथं पोरांचे हात लागतात तिथं, दोन हंस. छतावरचे हंस चाचांनी दारात आणून बसवले होते. माझी आजी रोज उंबऱ्याला हळद-कुंकू लावायची, तेव्हा हंसांनाही एकेक बोट लावायची.

चौकट बसली त्या दिवशी चाचा एवढंच म्हणाले, "ओल लागू देऊ नका."

पुढच्या सुगीला दुसरं पोतं गेलं नाही. ज्वारी कमी पिकली, वडील म्हणाले पुढल्या वर्षी देऊ. त्या पुढल्या वर्षी पाऊस आणखी कमी. आणि मग १९७२. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांना मी काही सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगून कळायचं नाही. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं. परदेशातून आलेली तांबडी मिलो खायची, कामावर सुकडी मिळायची. त्या वर्षी गावातल्या एकाही घरातून बलुतं निघालं नाही. वखर नाही, पेरणी नाही, तर सुताराला काम काय? आणि काम नाही, तर ज्वारी कोण देणार?

चाचा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आमचे वडीलही होते, आई होती, सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. ब्रासावर पैसे. ओळीनं बसलेली माणसं आणि दिवसभर हातोड्यांचा आवाज. लाकडावर हलकेच मोगरी टेकवणारा हात आता दगडावर घण मारत होता. एका दुपारी घण निसटला आणि चाचांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली. पटाशी डाव्या हातात धरतात. मोगरी कोणीही मारेल, नक्षी डावा हात काढतो.

बोटं राहिली, पण वाकली नाहीत. त्यानंतर चाचांनी वखर केले, पाभर केली, बाजांचे पाय केले, गावातल्या मयताच्या तिरड्या केल्या. नक्षी एकदाही काढली नाही. कोणी म्हटलं तर हात वर करून दाखवायचे आणि हसायचे.

आमच्या घरावरून जाताना ते कधीकधी चौकटीपाशी थांबायचे. वडील असले तर आत निघून जायचे. मला वाटायचं, वडलांना चाचांशी बोलायला का नको? मोठं झाल्यावर कळलं. एका पोत्याची ज्वारी. तेवढी वेळेवर गेली असती तर चाचा खडी फोडायला गेलेच नसते, असं काही नाही. साऱ्या गावाचंच बलुतं थकलं होतं. पण बाकीच्यांनी वखराचं बलुतं थकवलं होतं. आम्ही नक्षीचं थकवलं होतं. दुष्काळानंतर बरी सुगी झाली तेव्हा वडील एकदा पोतं घेऊन गेले. चाचांनी ते घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या पाटील, तुमच्याकडंच बरं आहे," असं म्हणाले. ही गोष्ट आईनं मला वडील गेल्यावर सांगितली.

चाचा १९९४ साली पावसाळ्यात वारले. मी मातीला गेलो होतो, माझ्या हातानं तीन मुठी माती टाकली आहे. कब्रस्तान ओढ्याच्या कडेला. कच्ची कबर, वर काट्या टाकलेल्या, जनावरानं उकरू नये म्हणून. मुलगा तेव्हाच कामधंद्यासाठी शहरात गेला होता, पुढं बिऱ्हाडही घेऊन गेला. दोन-तीन पावसाळ्यांत कच्ची कबर बसते. आणखी काही वर्षांनी जमीन सारखी होते. त्यांच्यात तसंच असतं, त्यात कोणाची चूक नाही. पण मी एकदा चाचांच्या मुलाला विचारलं तेव्हा तो बाभळीकडं हात करून म्हणाला, "तिकडं, त्या दोन-तीनमधली एक." आणि मग खाली पाहत राहिला. मलाही सांगता आलं नाही. मी तर माती टाकली होती.

आता पुन्हा गिलसाहेबाकडं येतो, कारण त्याची गोष्ट मी अर्धी सांगितली.

गिलनं विलायतेला पाठवलेली तीसेक चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या काचमहालात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि जवळपास सगळी जळाली. मोजकीच वाचली. त्यांचे फोटोही काढून ठेवलेले नव्हते. जी जळाली त्यांतल्या थोड्यांची रूपं आपल्याला दिसतात, ती एका पुस्तकामुळं. १८५६ साली, म्हणजे पारू गेली त्याच साली, लंडनमधे श्रीमती स्पीर यांचं प्राचीन हिंदुस्थानावरचं एक पुस्तक निघालं. त्यात गिलच्या चित्रांवरून लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेली लहान लहान चित्रं होती. वीस वर्षांची रंगवलेली कापडं गेली आणि हातभर लाकडात कोरलेलं तेवढं मागं राहिलं.

पुढं १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. बारा-तेरा वर्षांत त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. १८८५ साली तिथं आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. एकाच चित्रांच्या नकला दोनदा जळाव्यात, याला काय म्हणावं? आमच्याकडं बाया म्हणतात, अजिंठ्याची चित्रं डोंगर सोडून जायला तयार नाहीत. मी एवढंच म्हणतो, की तिसरी नक्कल जळाली नाही. ती आमच्या दारात होती. तिच्या खालून आम्ही रोज बैल आणि खताच्या पाट्या घेऊन जात होतो.

चार वर्षांपूर्वी मुलानं जुनं माळवद पाडून स्लॅबचं घर बांधायचं काढलं. माळवद गळत होतं, त्याचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या वाड्यांचं सामान विकत घेणारा एक माणूस गावोगाव फिरत होता. त्यानं चौकट पाहिली, हंसांवरून अंगठा फिरवला आणि साठ हजार सांगितले. मोठ्या हॉटेलात लावणार होता. मुलगा म्हणाला, "बाबा, साठ हजारांत खिडक्या होतात सगळ्या घराच्या."

साठ हजार मलाही कळतात. त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली होती. मी रात्रभर जागा होतो. सकाळी मुलाला समोर बसवून वरची सगळी गोष्ट सांगितली. खडी, बोटं, पोतं. शेवटी म्हटलं, "ही चौकट अजून आपली झालेली नाही. जिचे पैसे दिले नाहीत, ती विकायची कशी?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्यानं त्या माणसाला फोन लावला.

चौकट काढायला मी चाचांच्या नातवाला शहरातून बोलावलं. तो प्लायवुडचं फर्निचर करतो, मशीनवर. हात मात्र आजोबाचा. कुदळ कुठंच लागू न देता त्यानं चौकट भिंतीतून सोडवली आणि अंगणात उलटी टाकली. आणि तिथंच उकिडवा बसला.

गणपतीच्या बरोबर मागं, भिंतीकडच्या अंगाला, पटाशीच्या टोकानं उर्दूत काही कोरलेलं होतं. चाचा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. नातू मराठी शाळेतला, त्याला वाचता येईना. फोटो काढून आम्ही गावच्या मौलवींना दाखवला. त्यांनी वाचलं. चाचांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि हिजरी सन १३८९. म्हणजे आपलं १९६९. बाकी काही नाही.

मला एकदम कार्ल्याचा सामी आठवला. त्यानं आपलं नाव दाराशी, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. चाचांनी भिंतीकडं तोंड करून ठेवलं. घर पडेल तेव्हाच कोणाला तरी कळावं, असं.

नातवानं विचारलं, "काका, आता बाहेरून कोरू का? दिसंल असं?" मी खूप विचार केला आणि नको म्हटलं. त्यांनी जिथं लिहिलं, तिथंच असू दे. म्हणून इथंही मी ते नाव लिहीत नाही. पण आमच्या घरात आता ते सगळ्यांना पाठ आहे. नातींनासुद्धा. कब्रस्तानात चाचांची जागा सापडत नाही, पण मी बाभळीखाली जाऊन त्या नावानं हाक मारून आलो आहे.

चौकट नव्या घराला बसली. स्लॅबच्या घराला ती जरा विजोड दिसते, असं पाहुणे म्हणतात. म्हणू द्या. नातवाचे मजुरीचे पैसे मुलानं दिले. तो मोटारसायकलला किक मारायला लागला तेव्हा मी घरातून ज्वारीचं एक पोतं उचलून आणलं आणि मागं बांधायला लागलो.

तो म्हणाला, "काका, पैसे दिलेत की. हे कशाचं?"

मी म्हटलं, "राहिलं होतं."